स्पीड टेस्टला ९४ येतंय तरी बायरचा कॉल तुटतोय, नेमकं बघायचं कुठं?

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इथं आयटीवाले सोलापूरकर बरेच आहेत म्हणून विचारतोय, जरा लांबड लागेल, सांभाळून घ्या.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टेरी टॉवेलचं छोटं युनिट आहे, पुढं ऑफिस मागं लूम. फायबर आहे, १०० एमबीपीएसचं, अप-डाऊन दोन्ही १००, आणि स्टॅटिक आयपी, म्हणजे नेटवरचा न बदलणारा पत्ता, पण घेतलाय, त्याचे वेगळे पैसे. गेले तीन आठवडे संध्याकाळी साडेसहा-सातनंतर नेटला काय भूत लागतं कळंना. युरोपातला बायर आहे, त्याची दुपार ती आपली संध्याकाळ, त्याला व्हिडिओवर टॉवेलची बॉर्डर आणि शेड दाखवायची असते, तर चित्र गोठतं, आवाज डब्यातून आल्यासारखा येतो, मग दहा मिनिटं बरं चालतं, मग परत तेच. परवा तो बिचारा म्हणाला राहू द्या, फोटो मेल करा.

नेट कंपनीच्या पोराला तीनदा बोलावलं. तो सकाळी अकराला येतो, बोर्डाचं बटण बंद-चालू करतो, लॅपटॉपवर स्पीड टेस्ट मारतो, ९४ दाखवतो, 'मालक, स्पीड फुल आहे' म्हणतो आणि चहा पिऊन जातो. संध्याकाळी मी मारली तर ६०-७० येतं, म्हणजे ते पण काही कमी नाही की. मग कॉल का तुटतोय?

कडकभाकरी | रात्री १०:५२

राऊटर बंद करून चालू केला का?

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड | रात्री १०:५५

रोज दोनदा. केलं की अर्धा-पाऊण तास झकास चालतं. राऊटरला वेगळं बटण नाही, एकाच बोर्डावर सगळं आहे, तेच खटकन बंद करतो.

सातरस्ता_७ | रात्री ११:०३

कंपनी बदला. संध्याकाळी सगळं गाव रील बघत बसतं, यांनी एका लाईनवर शंभर कनेक्शन दिलेत. माझ्याकडं पण तेच होतं, बदलली, आता बरंय.

पॅचकॉर्ड | रात्री ११:२०

मी याच धंद्यात आहे, खांबावर चढणाऱ्यांपैकी. कंपनी बदला म्हणणं सोपं असतं ओ, आधी फायबरमधला उजेड बघा. ओएनटी, म्हणजे फायबर ज्या डब्यात येते तो, त्याच्या पेजवर लॉगिन करा, तिथं आरएक्स पॉवर म्हणजे आत येणाऱ्या उजेडाची ताकद असते. वजा १८ ते वजा २४-२५ डीबीएम असेल तर फायबरला नाव ठेवू नका. वजा २७ च्या पलीकडं गेलं की लाईन मरायला टेकली समजा. आणि ती हिरव्या टोपीची पॅचकॉर्ड कुठं खिळ्याला गुंडाळलीय का ते बघा, लोक वायर समजून गाठ मारतात, आत काच असते. टॉवेलचं युनिट म्हणजे रुई उडणार, राऊटरची जाळी पण बघून घ्या, एका ठिकाणी मी राऊटर उघडला तर आत उशी भरावी तशी रुई होती.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड | मंगळवार, सकाळी ९:१५

बघितलं, वजा २१ आहे. पॅचकॉर्ड सरळ आहे. रुई मात्र तुम्ही म्हणालात तशीच निघाली, कॉम्प्रेसरनं हवा मारली.

पुण्यातला_सोलापूरकर | मंगळवार, सकाळी ९:४८

मूळ साखर पेठेतला, आता पुण्यात नेटवर्कचंच काम करतो. अण्णा, तुमच्या पोस्टमध्ये एक गोष्ट नाही: अपलोड किती येतंय? तुम्ही सगळीकडं एकच आकडा सांगताय, डाऊनलोडचा. व्हिडिओ कॉलमध्ये तुमचा टॉवेल तिकडं दिसायचा तर तो अपलोडनंच जाणार ना.

दुसरं म्हणजे, स्पीड टेस्ट खोटं बोलत नाही पण ती तुम्हाला हवं ते सांगत नाही. ती बहुतेक वेळा सगळ्यात जवळचा सर्व्हर पकडते, पुष्कळदा तो तुमच्या कंपनीच्याच जाळ्यातला असतो, आणि एकदम बरीच कनेक्शन उघडून पाईप भरते. म्हणजे पाणी किती येतं ते कळलं. पण कॉलला पाणी लई लागत नाही, दोन-तीन एमबीपीएसमध्ये चांगला व्हिडिओ चालतो, त्याला लागतं ते वेळेवर येणं. आपल्याकडं नळाला काही-काही दिवसांनी पाणी येतं ते जोरातच येतं की, पण रोज सकाळी तांब्याभर पाहिजे त्याचं काय?

म्हणून आज संध्याकाळी, नेट बिघडलेलं असताना, बोर्डाचं बटण न दाबता, एवढं करा. लॅपटॉप वायफायवर नको, केबल लावा. क्लाउडफ्लेअरची स्पीड टेस्ट उघडा, त्यात डाऊनलोड-अपलोडबरोबर लाईन भरलेली असताना लेटन्सी, म्हणजे पाकीट जाऊन-यायला लागणारा वेळ, किती मिलिसेकंद होते ते पण दाखवतात. फास्ट डॉट कॉमवर सुद्धा 'जास्त माहिती'चं बटण दाबलं की रिकामी आणि भरलेली अशा दोन लेटन्सी दिसतात. रिकामी १० आणि भरलेली ४०० असली तर त्याला बफरब्लोट म्हणतात, राऊटरच्या दारात रांग लागते आणि तुमच्या आवाजाचं पाकीट त्या रांगेत मागं उभं राहतं.

मग कमांड प्रॉम्प्टच्या दोन काळ्या खिडक्या उघडा. पिंग म्हणजे छोटं पाकीट पाठवून उत्तर किती वेळात येतं ते बघायचं. एकीत राऊटरला पिंग, म्हणजे १९२.१६८.१.१ किंवा जो काही असेल तो, दुसरीत ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला पिंग, दोन्हीपुढं वजा टी लावा म्हणजे थांबवेपर्यंत चालू राहतं. कमांड इंग्रजीतच टाकायच्या हां, मी इथं देवनागरीत लिहितोय म्हणून. राऊटरचाच पिंग उड्या मारत असेल तर घरातलं दुखणं, केबल नाहीतर वायफाय. राऊटर १ मिलिसेकंदावर शांत आणि बाहेरचा बोंबलतोय तर राऊटरच्या पुढं काहीतरी, नाहीतर राऊटरचं दार भरलंय.

सोलापूरहून मुंबई रस्त्यानं चारशे किलोमीटर, काचेतून उजेड सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन ४ मिलिसेकंद तर लागणारच, रस्ता वाकडातिकडा धरून ८ ते १२ आलं तर छान. युरोपला सव्वाशे-दीडशे येणार, त्याला इलाज नाही आणि त्यानं कॉल तुटत पण नाही.

कडकभाकरी | सकाळी १०:०५

मध्येच विचारतो, माझ्याकडं ३०० चा प्लॅन आहे आणि केबलवर कायम ९४ च येतं, ९५ झालं नाही कधी. वायफायवर मात्र २५०. असं उलटं कसं काय बे?

पॅचकॉर्ड | सकाळी १०:११

९४ म्हणजे पोर्ट शंभर एमबीपीएसवर अडकलंय, डोळे झाकून. गिगाबिट वेगाला तारेच्या चारही जोड्या लागतात, तुझ्या केबलच्या टोप्यात दोनच जोड्या दाबल्या असतील किंवा एक तार तुटली असेल. नव्यानं क्रिंप करून घे, शंभर-दीडशे रुपयांचं काम.

कडकभाकरी | सकाळी ११:३०

केबल बदलली. २९१. तीन वर्षं मी कंपनीला शिव्या घातल्या ओ.

जुळेसोलापूरकर | दुपारी १:४०

धागा चालूच आहे तर माझं पण घ्या. घरी सगळ्यांच्या मोबाईलवर, कुठलीही साईट उघडली की मध्येच रमीची नाहीतर 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस' अशी पानं उघडतात. मोबाईल फॉरमॅट मारला, तरी तेच. बाहेर मोबाईल डेटावर काही होत नाही.

पुण्यातला_सोलापूरकर | दुपारी २:०२

सगळ्या फोनला होतंय आणि डेटावर होत नाही, म्हणजे फोन निर्दोष, राऊटर बघा. डीएनएस लीक टेस्ट नावाची साईट आहे, तिथं मोठी टेस्ट मारा, साईटच्या नावावरून तिचा पत्ता तुम्हाला कोण शोधून देतंय (त्यालाच डीएनएस म्हणतात) ते दिसेल. तुमची कंपनी, गूगल, क्लाउडफ्लेअर असं काहीतरी ओळखीचं दिसायला पाहिजे. भलत्याच देशातलं भलतंच होस्टिंग दिसलं तर कोणीतरी राऊटरमध्ये घुसून डीएनएस बदललाय.

जुळेसोलापूरकर | दुपारी २:३५

भलतंच दिसतंय. राऊटरमध्ये पण दोन अनोळखी आकडे आहेत डीएनएसच्या खान्यात. पासवर्ड अॅडमिन-अॅडमिनच होता, लाजतोय.

पुण्यातला_सोलापूरकर | दुपारी २:५०

लाजू नका, निम्म्या शहराचा तोच असेल. पाठीमागच्या भोकात टाचणी घालून रिसेट, मग फर्मवेअर म्हणजे राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर अपडेट, नवा पासवर्ड, बाहेरून अॅडमिन पेज उघडायची सोय बंद, आणि डीएनएस १.१.१.१ किंवा ८.८.८.८. रिसेटनंतर पीपीपीओईचं, म्हणजे कनेक्शनच्या लॉगिनचं, युजरनेम-पासवर्ड लागेल, ते आधी कंपनीकडून लिहून घ्या, नाहीतर दोन दिवस नेटशिवाय बसाल. हा जुना धंदा आहे, डीएनएसचेंजर नावाच्या व्हायरसनं एका टोळीनं जगभरच्या कॉम्प्युटरांचा आणि काही राऊटरांचा डीएनएस असाच बदलला होता, पकडल्यावर त्यांच्या सर्व्हरच्या जागी चांगले सर्व्हर लावून ठेवावे लागले, कारण लगेच बंद केले असते तर लाखो लोकांचं नेटच गेलं असतं, आणि ते शेवटी ९ जुलै २०१२ ला बंद केले.

त्या दिवसांत कुठल्या बँकेत लॉगिन केलं असेल तर पासवर्ड बदला, मोबाईल डेटावरून.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड | मंगळवार, रात्री ८:२०

आलो. आकडे लिहितो.

सकाळी दहाला पिंग: राऊटर १, बाहेर ९ मिलिसेकंद. डाऊन ९४, अप ९३.
संध्याकाळी ७:१० ला, कॉल तुटायला लागल्यावर: राऊटर १, बाहेर ३८०, ४२०, रिक्वेस्ट टाइम आऊट, ६१०, टाइम आऊट. डाऊन ६६. अप १.८.

एक पॉइंट आठ! मी आजवर खालचा आकडा बघितलाच नव्हता हो.

सातरस्ता_७ | रात्री ८:२६

बोललो होतो ना. कंपनीच अपलोड दाबते.

कंबरतलाव | रात्री ८:४०

मालक, ट्रेसरूट टाका इथं, म्हणजे पाकीट कुठल्या-कुठल्या टप्प्यांवरून जातं त्याची यादी. कुठल्या टप्प्यावर मार खातंय ते कळेल.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड | रात्री ८:५८

विनएमटीआर लावलं, ते प्रत्येक टप्प्यावरचा पिंग दाखवतं, आता चालू आहे. तिसऱ्या टप्प्यावर लॉस, म्हणजे हरवलेली पाकिटं, १०० टक्के दाखवतंय. पहिला टप्पा राऊटर, शून्य. तिसरा सोडून दुसऱ्यापासून पुढं सगळीकडं २० टक्क्यांच्या आसपास, शेवटच्याला १९.

कंबरतलाव | रात्री ९:०१

तिसरा टप्पा १०० टक्के! सापडला चोर. स्क्रीनशॉट काढा आणि कंपनीला पाठवा.

पुण्यातला_सोलापूरकर | रात्री ९:१५

थांबा, तिसरा चोर नाही. तिथं खरंच सगळं मरत असतं तर चौथ्याला काही पोचलंच नसतं. तो राऊटर फक्त पिंगला उत्तर देत नाही, पुष्कळ कंपन्या तसं मुद्दाम ठेवतात कारण त्याचं काम पाकिटं पुढं ढकलायचं आहे, गप्पा मारायचं नाही. लॉस खरा तेव्हाच जेव्हा तो एका टप्प्यावर सुरू होऊन शेवटपर्यंत जातो. तुमचा दुसऱ्यावर सुरू होतोय आणि शेवटापर्यंत जातोय. म्हणजे दुखणं राऊटर आणि दुसऱ्या टप्प्याच्या मध्ये, तुमच्या राऊटरच्या बाहेरच्या दारात.

आता दोनच शक्यता. एकतर कंपनीनं दाबलंय, नाहीतर तुमच्या आतूनच कोणीतरी ते दार भरून टाकतंय. ९३ चं १.८ होतंय म्हणजे ९१ एमबीपीएस कुठंतरी जातंय असं धरून चला. ऑफिसात संध्याकाळी काय-काय चालू असतं?

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड | रात्री ९:३०

दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, माझा लॅपटॉप, चार-पाच मोबाईल, आणि कॅमेऱ्याचा डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग करणारा डबा. कॅमेरे आठ.

शेंगाचटणी_एक्स्ट्रा | रात्री ९:३३

कॅमेरे घरून मोबाईलवर कोण बघतं?

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड | रात्री ९:३८

मेव्हणा. भागीदार आहे. संध्याकाळी घरी गेला की टीव्हीवर आठही कॅमेरे लावून बसतो, लूमवर कोण मोबाईल बघतंय ते शोधत.

शेंगाचटणी_एक्स्ट्रा | रात्री ९:३९

झालं मग, मेव्हणा खातोय नेट.

पुण्यातला_सोलापूरकर | रात्री ९:५०

शंका बरोबर आहे पण हिशोब बसत नाही. आठ कॅमेरे पूर्ण क्वालिटीत, चार-चार धरले तरी बत्तीस. नव्वद नाही. तरी उद्या त्यांना एक संध्याकाळ बघू नका म्हणा, पुरावा होईल. आणि पिंगप्लॉटर टाकून दिवसभर चालू ठेवा, तो वेळेनुसार आलेख काढतो, नुसत्या संध्याकाळचंच का बघायचं.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड | बुधवार, रात्री ९:१०

मेव्हण्याला सांगितलं, तो तोंड फुगवून बसलाय, ते असो. कॅमेरे कोणी बघत नव्हतं तरी साडेसहाला तेच झालं.

पण आलेखात मजा आहे. आज पोरानं सकाळी सवयीनं बोर्डाचं बटण बंद-चालू केलं, ९:२० ला. दहाला लाल डोंगर सुरू. मग बारा-पंधरा मिनिटं लाल, मग शांत, मग लाल, असं दिवसभर. दुपारी तीनला पण होतं! आम्हाला कळत नव्हतं कारण दुपारी आम्ही कोणाशी व्हिडिओवर बोलत नाही, टॅली आणि मेल तर कसंही चालतं.

अजून एक, हे नेटशी संबंधित आहे का माहिती नाही, महिनाभर गूगल काहीही शोधलं की विचारतं तू रोबोट आहेस का, सिग्नल दाखवा, बस दाखवा. आमचा अकाउंटंट वैतागलाय.

पुण्यातला_सोलापूरकर | रात्री ९:१८

अण्णा!! हे पहिल्या पोस्टमध्ये सांगायचं असतं की ओ. गूगलला तुमच्या आयपीवरून भलताच ट्रॅफिक दिसतोय म्हणून तो विचारतोय. हे आता स्पीडचं प्रकरण राहिलं नाही.

उद्या ऑफिस बंद झाल्यावर एकटे थांबा. बाहेरचा पिंग वजा टी चालू ठेवा. सगळं चालू असू द्या आणि लाल डोंगर आला की नेटवर्क स्विच, म्हणजे ज्या डब्यात सगळ्या नेटच्या केबल येतात, त्याच्यातल्या केबल एकेक काढा, प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबा, पिंगकडं बघा.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड | गुरुवार, रात्री १०:०५

सांगतो सविस्तर. साडेआठला सगळे गेले, लूम बंद, पत्र्याखाली अजून भट्टीसारखं गरम. कॉम्प्युटर मी आधीच बंद केले होते. रॅकचं दार उघडलं तर स्विचवर राऊटरकडं जाणारा आणि सात नंबरचा असे दोनच दिवे गड्ड्याच्या जत्रेतल्या लायटिंगसारखे पिसाळलेले, बाकीचे जवळजवळ झोपलेले. ऑफिसात मी एकटा, माझा लॅपटॉप सोडला तर एकही कॉम्प्युटर चालू नाही, आणि हा सात नंबर कोणाशी एवढं बोलतोय? पिंग ४५०. सात नंबर ओढला. ४५०, टाइम आऊट, ९, ९, १०, ९. परत लावला, पाच सेकंदांत ३९०. परत ओढला, ९.

केबल हातानं धरत-धरत गेलो, ती डीव्हीआरला जाते.

तो पण त्याच बोर्डावर आहे. मग लक्षात आलं, बटण बंद-चालू केलं की राऊटरबरोबर डीव्हीआर पण बंद-चालू होत होता, म्हणून अर्धा-पाऊण तास बरं. आणि कंपनीचा पोरगा दरवेळी आल्याआल्या तेच बटण दाबून मग टेस्ट मारायचा. त्याला ९४ शिवाय काय दिसणार?

पॅचकॉर्ड | रात्री १०:१४

आमचा पहिला धडाच तो आहे ओ, 'बंद करून चालू करा'. आता मला पण वाईट वाटायला लागलं.

पुण्यातला_सोलापूरकर | रात्री १०:३०

डीव्हीआर काढूनच ठेवा आज. आता बाहेरून तुमचं दार कसं दिसतं ते बघू. राऊटरच्या पेजवर वॅन आयपी, म्हणजे राऊटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता, बघा आणि 'माझा आयपी काय' असं शोधून बाहेरून दिसणारा आयपी बघा, दोन्ही एकच आहेत का? घरगुती कनेक्शनला पुष्कळदा राऊटरवर १०० पॉइंट ६४ ते १०० पॉइंट १२७ मधला काहीतरी दिसतो, म्हणजे कंपनी एकाच आयपीमागं अनेक गिऱ्हाइकं ठेवते आणि बाहेरून कोणाला थेट आत येता येत नाही. तुम्ही पैसे भरून स्टॅटिक घेतलाय म्हणजे ती भिंत पण नाही.

मग जीआरसी कंपनीची शील्ड्सअप ही साईट उघडा, ऑफिसच्याच नेटवरून, कारण ती तुम्ही ज्या आयपीवरून येता तोच तपासते. 'ऑल सर्व्हिस पोर्ट्स' दाबा, पहिली १०५६ पोर्ट, म्हणजे नेटवरून आत यायची नंबर दिलेली दारं, तपासते. हिरवं म्हणजे उत्तरच नाही, निळं म्हणजे बंद, लाल म्हणजे उघडं. डीव्हीआर दोन मिनिटांपुरता लावा आणि तपासा.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड | रात्री १०:५२

तीन लाल. २३, ८०, ५५४. बाकी बहुतेक निळे. एकही हिरवा दिसत नाही.

पुण्यातला_सोलापूरकर | रात्री ११:०५

८० म्हणजे डीव्हीआरचं लॉगिन पान, ५५४ म्हणजे थेट व्हिडिओ, आणि २३ म्हणजे टेलनेट, दुरून डब्यात शिरून त्याला हुकूम द्यायची जुनी सोय, जी डीव्हीआरवर बाहेरून उघडी असायचं काहीएक कारण नाही. राऊटरमध्ये डीएमझेड नावाचा खाना बघा, तिथं डीव्हीआरचा आतला आयपी टाकलेला असणार. कॅमेरेवाल्यांची ही सवयच, पोर्ट एकेक उघडायचा कंटाळा म्हणून बाहेरून येणारं सगळंच त्या एका डब्याकडं वळवतात. घर चोवीस तास उघडं टाकून उंबऱ्यावर नाव-पत्ता लिहिल्यासारखं.

२०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसचं जे प्रकरण झालं ते असल्याच डब्यांवर. ते टेलनेटवर येऊन साठेक ठरलेली युजरनेम-पासवर्डची जोडपी लावून बघायचं, रूट-अॅडमिन असली, आणि लागलं की डबा आपला. २१ ऑक्टोबर २०१६ ला असल्याच कॅमेरे-डीव्हीआरच्या फौजेनं डाईन (Dyn) या डीएनएस कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससकट बऱ्याच साईट्स अमेरिकेत कित्येक तास अडखळल्या. त्याचा कोड त्याआधीच कोणीतरी उघड्यावर टाकला होता, त्यामुळं त्याची पिल्लं अजून फिरतायत. तुमच्याकडं नेमकं कोणतं पिल्लू आहे ते मी सांगू शकत नाही, पण लक्षण तेच: ते नुसतं मेमरीत राहतं, बंद केलं की मरतं, आणि दार उघडं, पासवर्ड तोच, म्हणून थोड्या वेळात परत कोणीतरी येऊन बसतं.

तुमचा अक्कलकोट रोडवरचा डीव्हीआर कोणाच्या तरी सर्व्हरवर दगड मारत होता अण्णा, आणि मध्येच बायरचा कॉल चिरडला जात होता.

कंबरतलाव | रात्री ११:१२

आयला.

शेंगाचटणी_एक्स्ट्रा | रात्री ११:१४

मेव्हण्याची माफी मागा.

पुण्यातला_सोलापूरकर | रात्री ११:२०

अजून दोन ठिकाणी तुमचा आयपी टाकून बघा. अब्यूज आयपीडीबी, तिथं जगभरचे लोक तक्रारी नोंदवतात. आणि शोडान, तिथं कोणाच्या दारात काय उघडं आहे त्याची यादी असते, शोधणारे चोर पण ती बघतात आणि राखणारे पण. तुमचा आयपी इथं धाग्यात मात्र टाकू नका. कोणी 'मी तपासून देतो, डीव्हीआरचा पासवर्ड मेसेज करा' म्हणालं तरी द्यायचा नाही, मला पण नाही.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड | शुक्रवार, सकाळी १०:२५

अब्यूज आयपीडीबीवर आमच्या नावानं चौदा तक्रारी आहेत हो. पहिली महिन्यापूर्वीची. शोडानवर तर डीव्हीआरच्या लॉगिन पानाचं नाव सुद्धा लिहिलंय.

आणि मेल शोधला तर कंपनीकडून सव्वीस दिवसांपूर्वी एक मेल येऊन पडलाय, तुमच्या कनेक्शनवर बॉटनेटचा (चोरांनी ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या फौजेचा) संशय आहे, सायबर स्वच्छता केंद्राची लिंक. बिलाचा मेल समजून उघडलाच नव्हता.

पुण्यातला_सोलापूरकर | सकाळी १०:४०

ते खरं आहे, सायबर स्वच्छता केंद्र सरकारचंच, सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेचं, २०१७ पासून आहे, बॉट सापडला की नेट कंपनीमार्फत गिऱ्हाइकाला कळवतात. तरी मेलमधल्या लिंकवर टिचकी मारण्याआधी पत्ता स्वतः टाईप करून जायचं, कारण असल्याच नावाचे खोटे मेल पण फिरतात.

सातरस्ता_७ | सकाळी ११:००

मेलमध्ये पीडीएफ असेल तर व्हायरसटोटलवर टाका, साठ-सत्तर अँटिव्हायरस एकदम तपासतात, फुकट.

पुण्यातला_सोलापूरकर | सकाळी ११:०८

अनोळखी फाईल टाका, पण बायरची ऑर्डर, रेटची शीट, आधार, असलं काही टाकू नका. तिथं टाकलेली फाईल त्यांच्याकडं राहते आणि पैसे भरणाऱ्या सुरक्षा कंपन्यांना ती उतरवून घेता येते. लिंक तपासायची असेल तर लिंक तपासा, आख्खी फाईल कशाला?

जुळेसोलापूरकर | दुपारी १२:१५

माझं झालं बरं का. रिसेट केला, रमी गेली. बायको म्हणते आता मोबाईल सुना वाटतो.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड | शनिवार, रात्री ९:४५

केलेलं सगळं लिहितो, कोणाला उपयोगी पडेल. डीएमझेड काढलं. यूपीएनपी बंद केलं, कारण डबा आतून स्वतःच दार उघडून घेऊ शकतो म्हणे. डीव्हीआर फॅक्टरी रिसेट करून नवा फर्मवेअर शोधला तर त्या मॉडेलला शेवटचा अपडेट कित्येक वर्षांपूर्वीचा, म्हणून नवीन डीव्हीआरच घेतला, जुना आता नेटशिवाय नुसता रेकॉर्डिंगला गोडाऊनमध्ये. नव्याला लांब पासवर्ड, आणि मेव्हण्याला बघायला डीव्हीआर कंपनीचं क्लाउडवालं अॅप, त्याला बाहेरून पोर्ट उघडं लागत नाही. शील्ड्सअप परत मारलं, लाल एकही नाही. ऑफिसचे कॉम्प्युटर एका नेटवर्कवर आणि कॅमेरे वेगळ्या गेस्ट नेटवर्कवर टाकले. राऊटरमध्ये क्यूओएस, म्हणजे कोणाला किती लाईन मिळेल ते ठरवायची सोय, चालू केलं, अपलोड ९० वर बांधलं, आता लाईन भरली तरी पिंग २५ च्या वर जात नाही.

काल बायरशी पंचेचाळीस मिनिटं बोललो. त्यानं जॅकार्डची बॉर्डर तीनदा जवळ आणायला लावली आणि एक धागा सुटलेला पकडला. नेट खराब होतं तेच बरं होतं असं वाटून गेलं.

पॅचकॉर्ड | रात्री ९:५५

कंपनीच्या त्या पोराला पण सांगा. त्याला शिव्या नका घालू, त्याला दिवसाला पंधरा-वीस तक्रारी असतात, पण 'बटण दाबायच्या आधी मोजायचं' एवढं त्याला कोणीतरी सांगायला पाहिजे.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड | रात्री १०:०२

सांगितलं. आज चहा पितापिता त्यानं वहीत लिहून घेतलं.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड | पुढचा बुधवार, रात्री ८:३०

धागा वर काढतोय, माफ करा. आज कॅमेरेवाला सर्व्हिसला आला होता. त्याला त्याच्या मोबाईलवरून आमचा डीव्हीआर उघडेना म्हणून त्यानं 'कोणीतरी सेटिंग बिघडवलंय' म्हणत राऊटरमध्ये जाऊन डीएमझेड परत चालू करून दिलं. राऊटरचा पासवर्ड त्याच्या जुन्या वहीत होता, मी सगळ्याचे बदलले आणि तेवढा राहिला. संध्याकाळी सहज शील्ड्सअप मारलं म्हणून दिसलं, ८० आणि ५५४ लाल.

पुण्यातला_सोलापूरकर | रात्री ८:३४

२३?

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड | रात्री ८:३६

निळं. पासवर्ड आत्ता बदलला, डीएमझेड काढलं. मेव्हणा विचारतोय की कॅमेरे बघितले तर चालतील का.